खिडकी उघडी ठेवा

मे महिन्यातली दुपार. नागपुरातल्या एका घरात बैठकीच्या खोलीत कूलर घरघरतोय. सुट्टीला आलेला मुंबईचा भाचा समजूतदारपणे उठतो आणि समोरची खिडकी लावून घेतो. गार हवा उगाच बाहेर कशाला घालवायची? पाच मिनिटं जात नाहीत तोच आतून आजीचा आवाज येतो, “खिडकी कोनं लावली? कूलर नुसता वारा फेकून राहिला!” भाचा गोंधळतो. त्याच्या घरी एसी आहे आणि एसी चालू असताना खिडकी उघडी राहिली तर त्याची आई याच सुरात ओरडते.

आजीनं भौतिकशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण या वादात ती जिंकते. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून गार करतो आणि आतली उष्णता बाहेर फेकतो. कूलरचं काम वेगळं. तो बाहेरची तापलेली, कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. ताट्यांतल्या पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. पण त्याबरोबर ती दमटही होते. ही दमट हवा समोरच्या खिडकीतून बाहेर पडली नाही, तर खोलीत ओल साचत जाते, ताट्यांतलं पाणी उडायचं मंदावतं, अंगावरचा घाम वाळेनासा होतो. मग कूलर खरोखरच नुसता वारा फेकतो.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं सात लिटर पाणी उकळीला आलं असतं. मोठा लोखंडी कूलर भर उन्हाळ्यात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं सतत उकळत ठेवायला लागेल त्याहून कितीतरी जास्त उष्णता तो तासभर हवेतून शोषत असतो. त्यासाठी वीज लागते ती फक्त पंखा आणि छोटा पंप चालवण्यापुरती. एसीच्या मानाने फारच थोडी.

पाणी उडवून हवा किती गार करता येते, याला मर्यादा असते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. हवामानशास्त्रात याला आर्द्र बल्ब तापमान म्हणतात. बाहेर ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा २२-२३ च्या आसपास येतो. बरा कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण २७-२८ पर्यंत हवा आणून देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली, तर हाच आकडा साडेअठ्ठावीसच्या घरात असतो. तिथे कूलर तीन-चार अंश उतरवणार आणि बदल्यात घरभर ओलावा भरणार. नागपूर-अकोल्याहून मुंबईला बदली झालेली माणसं हौसेनं सामानात कूलर नेतात. पहिल्याच उन्हाळ्यात तो बाल्कनीत जातो, दुसऱ्या वर्षी भंगारवाल्याकडे.

विदर्भातल्या उन्हाळ्याचं खरं पात्र म्हणजे ही कोरडी हवा. घरातल्या निम्म्या कुरबुरी तिच्यामुळे होतात आणि निम्म्या सोयीही तिच्यामुळेच.

आकड्यांचं कौतुक विदर्भात फार. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर यांत आज पहिला नंबर कुणाचा, यावर पानठेल्यावर चर्चा झडते. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर गाजली. हवामान खात्याने तपासून सांगितलं, की सेन्सर बिघडला होता. त्याच दिवशी शहरातली इतर केंद्रं ४५ अंशांच्या आसपासच होती. काही नागपूरकर हिरमुसले, असं म्हणायला हरकत नाही.

खात्याच्या हिशेबात मैदानी प्रदेशातल्या केंद्रावर ४० अंश गाठले गेले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, तर उष्णतेची लाट. पारा थेट ४५ वर गेला, तर सरासरी न बघताही लाट, आणि ४७ ला तीव्र लाट. हे तापमान सावलीतलं असतं. पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचं. स्कूटरच्या सीटचं, डांबराचं किंवा गच्चीच्या फरशीचं तापमान त्यात येत नाही. दुपारी दोनला गाडीवर बसताना सीटवर रुमाल टाकावा लागतो, तो त्या पेटीबाहेरच्या जगात.

लोकांचं स्वतःचंही पंचांग आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. साधारण २५ मे ते २ जून. या दिवसांत लग्नाच्या पंगतीला बोलावलं तर लोक यजमानाकडे संशयानं बघतात. नागपूर २१ उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. त्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नवतपा आणि हा शून्य सावलीचा दिवस एकाच आठवड्यात पडतात. चंद्रपूर थोडं दक्षिणेला, म्हणून तिथे तो काही दिवस आधी येतो. नक्षत्रांचा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांनी सावली बघूनच मांडला असणार, असा मोह होतो. पण नवतपा उत्तरेत, जिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तिथेही पाळतात. तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

या उन्हापुढे शाळाही नमतात. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर घंटा वाजते, तेव्हा विदर्भातली मुलं आणखी आठवडा-दोन आठवडे घरीच असतात. एवढी मोठी सुट्टी आणि अकरा ते पाच दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही घरातल्या बायकांची वेगळीच परीक्षा. कॅरम, पत्ते, मोबाइल, भांडण, पुन्हा मोबाइल.

कूलरकडे परत येऊ, कारण घरातलं राजकारण त्याच्याभोवतीच फिरतं. मार्चअखेर तो माळ्यावरून उतरतो. पत्र्याला गंज चढलेला, पंप अडकलेला, ताट्यांमध्ये गेल्या वर्षीचा क्षार दगडासारखा घट्ट. ताट्या बदलणारा सायकलवरून गल्लीत फिरतो. ताटीत भरायचं ते ‘वुडवूल’ म्हणजे लाकडाची केसांसारखी लांब, बारीक, कुरळी सालपटं. पैसे जास्त मोजले, तर वाळा, ज्याला इथे सगळे खस म्हणतात. खसाची मुळं भिजली की पहिले काही दिवस घरात पहिल्या पावसासारखा वास दरवळतो. पुढे तो जातो आणि शेवाळाचा येतो. हल्ली मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आले आहेत. ते जास्त टिकतात, पण त्यांना वास नाही.

ओल्या वाळ्यातून वारा घेण्याची युक्ती विजेपेक्षा फार जुनी आहे. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारायला माणूस. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांनी तिला चाक आणि हाताने फिरवायचा पंखा जोडला आणि ‘थर्मँटिडोट’ असं भारदस्त नाव दिलं. तेवढ्यानं भागत नसे, म्हणून मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाई. मागे राहिलेल्यांच्या घरी पुढे विजेची मोटर आली, लोखंडी पत्रा आला आणि साहेबांचं यंत्र कारकुनाच्या खिडकीत येऊन बसलं.

त्या यंत्राला पाणी कोण भरणार, हा मात्र न सुटलेला प्रश्न. नळ पहाटे येतो. तेव्हा पिण्याचं पाणी, वापरायचं पाणी, आणि मग कूलरची टाकी. बादल्या वाहून नेणारा सहसा घरातला सगळ्यात धाकटा, नाहीतर सगळ्यात उशिरा झोपणारा. पाणी वाचवायचं म्हणून अनेक घरांत आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओततात. कल्पना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. पाणी उडून जातं, क्षार ताटीवर बसतात. जूनपर्यंत ताटी पांढरी, खरखरीत आणि बहिरी होते. पाणी वरून सोडलं तरी आत शिरत नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पाणी भरलं, तर ही वेळ लांबते.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. पत्र्याची बॉडी, आत मोटर, खाली पाणी, आणि अर्थिंगची तार बऱ्याचदा नावापुरती. चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पायात चप्पल हवी. मुख्य बोर्डावर गळती ओळखणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवला असेल तर तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच, डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. इलेक्ट्रिशियन घरी आलेलाच असतो कूलर दुरुस्त करायला. त्याच फेरीत हे काम उरकता येतं.

स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात कूलरचा बिनआवाजाचा भाऊ बसलेला असतो. माठ. त्याचं शास्त्र तेच. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतं, तिथून उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. दहा लिटरच्या माठातलं जेमतेम पाव लिटर पाणी असं उडालं, तरी उरलेलं बारा अंशांनी उतरायला पुरे. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून पाणी थोडं जास्त जातं. माठ कुठे ठेवायचा, यावरही घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात. दुसरा म्हणतो, खिडकीपाशी वाऱ्यावर. सावली आणि वारा दोन्ही मिळतील अशी जागा उत्तम, पण ती बहुधा दारातच असते आणि तिथे ठेवलेला माठ जाता-येता कुणाच्या तरी पायानं फुटतो.

गेल्या वर्षीचा माठ यंदा पाणी गार का करत नाही, याचं उत्तर ताटीच्या क्षारातच आहे. वर्षभरात छिद्रं बुजतात. वरून कोणी साबणानं किंवा तारेच्या चोथ्यानं घासून ‘स्वच्छ’ केला असेल, तर आणखीच वाईट. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवी घागर भरून पूजायची आणि पितरांच्या नावानं पाणी द्यायचं, ही खानदेश-वऱ्हाडातली रीत. तिच्यामुळे निदान वर्षाला एक कोरं मडकं घरात येतंच.

कोरडी हवा जे माठाशी करते, तेच माणसाच्या कातडीशी. मुंबईचा भाचा दुसऱ्या दिवशी म्हणतो, “इथे घामच येत नाही!” येतो, दिसत नाही. मुंबईत कपाळावरून ओघळणारा घाम इथे त्वचेवर आल्या आल्या उडून जातो. संध्याकाळी काळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटते, तेव्हा कळतं किती गेला. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाऊ शकतं. ओलं अंग दिसत नाही, म्हणून पाणी प्यायची आठवण होत नाही, आणि तहान लागेपर्यंत शरीर बरंच सुकलेलं असतं.

मग सुरू होतात ती घरगुती दुखणी. लघवीला जळजळ. मराठीत तिला ‘उन्हाळी लागणे’ असं नावच आहे; ऋतूचं नाव दुखण्याला देणारी भाषा निरीक्षणात कच्ची नसते. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि जळजळते. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक या उपायांत औषध किती आणि पाणी किती, हा वाद बाजूला ठेवला तरी पाणी पोटात जातं हे नक्की. दोन-तीन दिवसांत उतरली नाही, ताप आला किंवा लघवीतून रक्त दिसलं, तर डॉक्टर. मुतखड्याचा त्रासही याच दिवसांत वाढतो, कारण तेच, दाट लघवी.

मुलांचा घोळणा फुटणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कोरड्या हवेनं तिथली त्वचा तडकते, वर मुलाचं बोट असतंच. रक्त बघून घरात पळापळ होते. कुणी मान मागे करायला लावतं, कुणी डोक्यावर पाणी ओततं, कुणी फोडलेला कांदा हुंगवतं. मान मागे केली तर रक्त घशात उतरतं आणि पोरगं उलटी करतं. बसवायचं, मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. हे ‘मधे सोडून बघायचं नाही’ सगळ्यात अवघड. आईचा जीव दर मिनिटाला बघतो.

कांद्याचं प्रकरण मात्र निकाली काढायला हवं. उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा टाकायची पद्धत वऱ्हाडात अजून आहे. खिशातला कांदा ऊन शोषून घेतो, याला काही आधार नाही. जेवणात चिरलेला कांदा खाल्ला तर थोडं पाणी तरी पोटात जाईल. डोक्या-कानाला घट्ट गुंडाळलेला पांढरा दुपट्टा मात्र शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे, आणि तोंड झाकलेल्या नागपूरच्या मुलींना हसणाऱ्या पुणेकरांनी हे लक्षात घ्यावं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली, की वारा अंगाला गार करायच्या ऐवजी तापवू लागतो. ४४ अंशांत स्कूटरवर बसणं म्हणजे चुलीच्या झळेत तोंड घालणं. कापडाचा थर ती झळ आणि ऊन दोन्ही अडवतो. याच कारणानं जागतिक आरोग्य संघटना सांगते, की खोलीत ४० अंशांच्या वर तापमान असेल, तर नुसत्या पंख्याचा उपयोग नाही. वीज आहे पण कूलरात पाणी नाही, अशी दुपार म्हाताऱ्या माणसांना म्हणूनच जड जाते. अंगावर ओला पंचा टाकला, तर तोच पंखा पुन्हा कामाचा होतो.

बाहेरून आलेल्याच्या हातात पन्ह्याचा पेला द्यायची पद्धतही अशीच भक्कम पायावर उभी आहे. कैरी उकडून किंवा निखाऱ्यात भाजून घेतलेला गर, गूळ, मीठ, वेलची. घामातून मीठ जातं, ते परत येतं. आणि आतड्यात साखर व मीठ एकत्र आले, की एकमेकांच्या मदतीनं आत ओढले जातात; त्यांच्यामागून पाणी. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, सगळं शास्त्र या एका जोडीवर आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. पन्हं हे काही ओआरएस नाही. त्यात गूळ हात सैल सोडून घातलेला असतो, आणि जुलाब होणाऱ्या मुलाला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हेच मोजून द्यायचं. पण उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला पन्हं पुरतं, आणि ओआरएसपेक्षा हजार पटीनं चांगलं लागतं.

एक सीमारेषा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. डोकं दुखणं, गळून जाणं, मळमळ, पायात गोळे. हे ‘ऊन लागलं’. सावली, पाणी, विश्रांती. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपत चालली, तर तो उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोलाची असतात. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहायचं, पंखा लावायचा, बगलेत आणि मानेवर बर्फ. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला.

आता या कोरड्या हवेच्या उपकारांकडे. धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते, जाड जीन्स दुपारपर्यंत. आणि तिच्यामुळेच वर्षाचं वाळवण होतं.

कुरड्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, पण तयारी चार दिवस आधीची असते. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास येऊ लागतो. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागलेले असतात. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, गाळायचे, आणि रात्रभर पातेलं हलवायचं नाही. सकाळी वर पिवळट निवळ आणि तळाशी पांढराशुभ्र चीक. निवळ ओतून टाकताना हात थरथरला, की चीकही त्याबरोबर जातो आणि शेजारीण सुस्कारा सोडते. आधणात मीठ-हिंग घालून चीक सोडला की एक बाई ओतते, दुसरी ढवळते. गुठळी झाली तर दोघी एकमेकींकडे बघतात. पारदर्शक, चकचकीत झाला की शिजला. वाटीभर गरम चीक साखर-दूध घालून मुलांच्या हातात पडतो, कारण त्याशिवाय ती गच्चीवरून हलत नाहीत.

मग सोऱ्या. चीक गरम असतानाच दाबायला हवा. गार झाला की सोऱ्याची मूठ फिरत नाही आणि तळहाताला फोड येतात. गच्चीवर जुनं धोतर किंवा प्लॅस्टिक पसरलेलं, त्यावर पांढऱ्या वेटोळ्यांच्या रांगा. ऊन चढायच्या आत खाली उतरायचं. वर राखणीला एक नातू आणि एक काठी. कावळ्यांपेक्षा नातूच जास्त कुरड्या संपवतो. संध्याकाळपर्यंत वरचं अंग वाळतं, उलटून ठेवायच्या, आणखी दोन उन्हं दिली की डब्यात. पदार्थातलं मोकळं पाणी एका मर्यादेखाली गेलं, की बुरशी आणि जिवाणू त्यात वाढूच शकत नाहीत. म्हणून नीट वाळलेली कुरडई वर्षभर फ्रिजशिवाय टिकते. उडदाचा पापड मात्र असल्या उन्हात घातला तर कडा वळतात, तडे जातात. तो घरात, सावलीत वाळवायचा. कोकणातल्या सुनेला विदर्भात आल्यावर हे नव्यानं शिकावं लागतं. तिच्या माहेरी पापड सुकायचीच पंचाईत असते.

याच हवेचा घरातल्या लाकडालाही हिसका बसतो. पावसाळ्यात फुगून लागायला नकार देणारं दार मेमध्ये आक्रसतं, चौकटीत खडखडतं आणि वाऱ्यानं रात्री आपोआप उघडतं. मळलेल्या कणकेवर दहा मिनिटांत पापुद्रा धरतो, म्हणून वर ओलं फडकं. टाचांच्या भेगा हिवाळ्यातल्यासारख्या पुन्हा उघडतात. आणि पाणी हवं तेव्हा गार मिळत नाही: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून चहाच्या आधणासारखं येतं. अनुभवी घरात सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीत ठेवलेल्या असतात, संध्याकाळच्या अंघोळीसाठी.

रात्रीचा त्रास भिंतींनी वाढवला आहे. खानदेश-वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरं हात-दीड हात जाड मातीच्या भिंतींची. माथ्यावर लाकूड, वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र उलटून जाई, आणि तोवर सगळे अंगणात बाजेवर झोपलेले असत. चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब एवढा धीर धरत नाही. त्यातून दुपारी तीनचं ऊन संध्याकाळी खोलीत उतरतं आणि रात्री अकरापर्यंत उतरत राहतं. पंखा लावला की छताची गरम हवा डोक्यावर. गच्चीला चुना मारला, तर पांढरा रंग बराचसा सूर्यप्रकाश परत पाठवतो आणि खालची खोली काही अंशांनी उतरते. खर्च थोडा, पण पावसाळ्यात तो धुऊन जातो, आणि दरवर्षी पुन्हा मारायचा कंटाळा हे त्याच्या अपयशाचं मुख्य कारण.

म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं आणि साडेनऊला गाद्या वर न्यायच्या. पाणी वरची उष्णता काढतं. उरलेलं काम आकाश करतं. हवेतली पाण्याची वाफ जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवून धरते. मेमधल्या विदर्भात ती वाफच कमी. आभाळ निरभ्र असलं की गच्ची, गादी आणि तीवर झोपलेला माणूस आपली उष्णता थेट वर पाठवत राहतात. दहाला गादी तापलेली असते, एकला बरी, आणि चारला आजी उठून नातवाच्या अंगावर गोधडी टाकते. मुंबईची रात्र असं करू शकत नाही; तिच्या अंगावर सतत दमट पांघरूण असतं. अर्थात अलीकडे इथेही काही रात्री तशाच जातात. शहरातलं काँक्रीट पहाटेपर्यंत धग सोडत राहतं, पारा नेहमीच्या सरासरीपेक्षा बराच वर राहतो आणि हवामान खातं त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतं.

विजेचं गाऱ्हाणं वेगळंच. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. त्याचा धूर, त्याची राख आणि कोळशाचे ट्रक बघत राहणाऱ्या घरात भर दुपारी लाइट गेली, की जे शब्द निघतात ते इथे छापण्याजोगे नाहीत.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ढग येतात. पाऊस पडत नाही, पण हवा बदलते. पारा ४५ वरून ३९ वर आलेला असतो आणि तरी सगळे आधीपेक्षा जास्त कासावीस. कूलर पूर्ण वेगानं चालतोय, ताट्या ओल्या आहेत, खिडकी सताड उघडी आहे, आणि तरी नुसता दमट वारा. माठातलं पाणी कोमट. पापडाच्या डब्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, पापड नरम पडले. मुलांच्या मानेवर घामोळ्या येतात, कारण न वाळणारा घाम त्वचेतल्या नलिकांची तोंडं बुजवतो. वर डबाभर पावडर थापली, तर ती तोंडं आणखी बुजतात. भाचा याच आठवड्यात मुंबईला परतणार असतो. “आता तुमच्यासारखंच झालं,” त्याला सांगितलं जातं.

मग कूलर बंद होतो. तो तसाच खिडकीत ठेवला, तर टाकीतल्या चार बोटं पाण्यात एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा हंगाम तोंडावर आलेला असतो. पाणी ओतून देणं पुरेसं नाही. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पत्र्याला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढल्या मार्चमध्ये पाणी भरलं की उघडतात. म्हणून घरातली सून ताट्या काढते, टाकी अंगणात आडवी करते, आणि पत्र्यावर जिथे गेले तीन महिने पाणी टेकत होतं तिथली तांबूस, खरखरीत रेघ काथ्याच्या ब्रशनं जोर लावून घासत बसते. वरून पहिल्या पावसाचे चार टपोरे थेंब पडतात. गच्चीवरून कुणीतरी ओरडतं, “सांडगे वाळत घातलेत, सांडगे!” आणि ब्रश तिथेच टाकून ती जिन्याकडे धावते.